नवीन सुपरवायझरने टीमचा विश्वास कसा मिळवायचा: पहिल्या नव्वद दिवसांचा क्रम

काल ज्यांच्या शेजारी उभं राहून मशीन चालवलं, त्यांच्याच लाइनचा सुपरवायझर आज झालात, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर, कुठल्याही एमआयडीसीत जा, चांगला ऑपरेटर सुपरवायझर होतो आणि तीन महिन्यांत एकटा पडतो. मी स्वतः ऑपरेटर होतो, मग लाइन लीडर झालो, आणि आता नव्या सुपरवायझरना तयार करतो. कामात ही मुलं कमी पडत नाहीत. त्यांचा क्रम चुकतो.

बहुतेकांचं असं होतं. पहिल्याच दिवशी लाइनवर सगळ्यांना गोळा करून सांगतात, "आपण एक कुटुंब आहोत, काहीही अडचण असली तर बिनधास्त माझ्याकडे या." दुसऱ्या आठवड्यात एक जण खरंच येतो. त्याला शनिवारची सुट्टी हवी असते. सुट्टी द्यायचा अधिकार आपल्याला आहे की नाही हेच सुपरवायझरला माहीत नसतं, म्हणून तो "बघतो" म्हणतो. शुक्रवार उजाडतो, उत्तर येत नाही. तिसऱ्या आठवड्यापासून कोणीच येत नाही, आणि सुपरवायझरला वाटतं, आता सगळं सुरळीत चाललंय.

खरा क्रम उलटा आहे. आधी माहिती, मग स्वतःच्या अधिकाराची सीमा, मग छोटे शब्द पाळणं, मग ओटी (ओव्हरटाइम) आणि सुट्टीचं न्याय्य वाटप. हे सगळं झाल्यावरच "मला खरं सांगा" अशी अपेक्षा ठेवायची. आणि पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत एक पथ्य: मॅनेजरच्या केबिनमध्ये जे बोलाल, तेच लाइनवर बोला. या दोन ठिकाणी दोन भाषा बोलणारा माणूस लाइनला आठवड्याभरात कळतो.

## चार्ज घेण्याआधी: चार नोंदी आणि एक वही

यासाठी किमान चार-पाच दिवस हवेत. मिळत नसतील तर मागून घ्या.

मागच्या तीन महिन्यांच्या चार नोंदी बघा: हजेरीचं मस्टर, ओव्हरटाइमचा हिशोब, सुट्टीचे अर्ज (मंजूर, नामंजूर आणि नुसतेच पडून राहिलेले), आणि शिफ्टप्रमाणे रिजेक्शन (नाकारलेला माल) आणि ब्रेकडाउनचं (मशीन बंद पडण्याचं) रजिस्टर. ओटीच्या हिशोबाला सगळ्यात जास्त वेळ द्या. कोणाला महिन्याला किती तास मिळाले ते नावापुढे लिहून काढा. ओटीचा दर कायद्याने नेहमीच्या दराच्या दुप्पट असतो, त्यामुळे ज्याला ओटी मिळते आणि ज्याला मिळत नाही, त्यांच्या घरखर्चात मोठा फरक पडतो. लाइनवरच्या निम्म्या रागाचं मूळ याच कागदावर दिसतं.

मस्टर बघून मात्र लगेच निष्कर्ष काढू नका. एखादा दर सोमवारी गैरहजर दिसला की "दारू पितो" असं आपण मनात ठरवून टाकतो. त्याची आई सोमवारी डायलिसिसला जात असेल. नोंद करा, मत नंतर बनवा.

आधीच्या सुपरवायझरला एक प्रश्न जरूर विचारा: "कोणाला काय कबूल करून ठेवलंय?" हा प्रश्न कोणी विचारत नाही. एखाद्याला मशीन बदलून द्यायचं कबूल केलेलं असतं, एखाद्याला ट्रेनिंगला पाठवायचं. माणूस बदलला तरी त्या लोकांच्या लेखी तो शब्द कंपनीचा असतो. तो पाळता येणार नसेल तर तसं सांगायची जबाबदारी आता तुमची.

वही खिशात मावेल अशी घ्या. नोंदी मोबाइलमध्ये करू नका. अनेक फ्लोअरवर मोबाइलला बंदी असते, आणि नसली तरी समोरचा बोलत असताना तुम्ही स्क्रीनकडे बघितलं तर त्याला वाटतं, साहेबांचं लक्ष नाही.

तपासा: मस्टर बंद करून लाइनवरच्या प्रत्येकाचं नाव आणि तो कुठल्या मशीनवर असतो हे सांगता येतं का? कंत्राटी हेल्परांची नावंसुद्धा? त्यांना "ए हेल्पर" किंवा "ए भैया" अशी हाक मारली जाते तिथे बाकी काहीही केलं तरी ते लोक तुमच्याशी खरं बोलणार नाहीत.

## पायरी १: आपला अधिकार कुठे संपतो ते लिहून घ्या

मॅनेजरसमोर बसा आणि थेट विचारा. हाफ-डे मी माझ्या सहीवर देऊ शकतो का? पूर्ण दिवसाची सुट्टी? ओटीची नावं कोण ठरवणार? शिफ्ट बदलून देणं माझ्या हातात आहे का? हातमोजे, सेफ्टी शूज स्टोअरमधून काढायला कोणाची सही लागते? आणि सगळ्यात महत्त्वाचं, क्वालिटीचा किंवा सुरक्षेचा प्रश्न आला तर न विचारता मशीन थांबवू शकतो का?

उत्तरं त्याच दिवशी मॅनेजरला मेलवर किंवा मेसेजवर पाठवा: "आज बोलल्याप्रमाणे मी असं धरून चालतोय." यात अविश्वास दाखवण्यासारखं काही नाही. दोन महिन्यांनी वाद झाला की हा एक मेसेज दोघांनाही वाचवतो.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं तर तिथेच थांबा आणि पुन्हा विचारा. मशीन थांबवायचा अधिकार नसलेला सुपरवायझर ऑपरेटरला "काही खटकलं तर थांबव" असं कुठल्या तोंडाने सांगणार?

सावधान: कंत्राटी मुलांना "तुला पर्मनंट करतो", "तुझं नाव वर टाकलंय" असं कधीही म्हणू नका. हे तुमच्या हातात नाही. त्या एका वाक्यावर मुलगा दोन-दोन वर्षं काढतो, घरी सांगतो, त्याचं लग्न त्या भरवशावर ठरतं. चांगल्या भावनेने दिलेला हा खोटा शब्द मी पाहिलेल्या सगळ्या चुकांत सगळ्यात वाईट आहे. तो विचारेलच. तेव्हा सांगा, "ते माझ्या हातात नाही. तुझ्या कामाची नोंद मी नीट ठेवीन, आणि कोणी विचारलं तर खरं सांगीन."

## पायरी २: जुन्या मित्रांशी आधी, वेगळं बोला

ज्या दोघा-तिघांबरोबर तुम्ही रोज डबा खाता, एकाच गाडीवर येता, त्यांच्याशी पहिल्या शिफ्टच्या आधी बोला. लाइनवर नको, बाहेर चहाच्या टपरीवर बोला. हे बोलणं टाळलं तर पुढच्या सगळ्या पायऱ्या कच्च्या राहतात, कारण लाइनची नजर पहिले पंधरा दिवस फक्त एवढंच बघत असते: याच्या दोस्तांना सोपं मशीन मिळतं का?

बोलणं असं काहीसं करा: "आपली दोस्ती आहे तशीच राहील. पण ओटीत आणि सुट्टीत तुला बाकीच्यांसारखाच नंबर लागेल. लाइनवर तुला काही बोललो तर ते कामाचं असेल. आणि माझं काही चुकलं तर सगळ्यांसमोर नको, बाजूला घेऊन सांग." एखादा दुखावेल. तो आता दुखावला तर सावरतो. सहा महिन्यांनी दुखावला तर शत्रू होतो.

हाक कशी मारायची यावरून बरेच जण अडतात. काल "अरे गण्या" म्हणणाऱ्याने आज "सर" म्हणावं ही अपेक्षा धरू नका, आणि तुम्हीही एकदम "अहो" वर जाऊ नका. जे चालत होतं तेच ठेवा. ज्यांना कालपर्यंत काका किंवा मामा म्हणत होता, त्यांना आजही काका-मामाच म्हणा. "मामा, हे तीन नग पुन्हा चेक करून द्या" या वाक्यात मानही राहतो आणि सूचनाही पोहोचते. फक्त एक पाळा: कुणाला एकेरी आणि कुणाला आदरार्थी, हे वयावर आणि ओळखीवर ठरू द्या. पर्मनंट की कंत्राटी यावर ठरवू नका.

## पायरी ३: पहिलं बोलणं दोन मिनिटांत संपवा

शिफ्टच्या सुरुवातीला सगळे जमतात तेव्हाच बोला. कुटुंब, संघभावना, स्वप्नं यातलं काही नको. तीन गोष्टी पुरतात: माझ्या हातात काय आहे, काय नाही, आणि पुढच्या दोन आठवड्यांत मी काय करणार.

"हाफ-डे मी देऊ शकतो. पूर्ण सुट्टीला साहेबांची सही लागते, पण हो-नाही मी दोन दिवसांत सांगीन. पगार आणि पर्मनंट करणं माझ्या हातात नाही, त्याबद्दल मी काही कबूल करणार नाही. पुढचे दोन आठवडे मी एकेकाशी दहा-पंधरा मिनिटं बोलणार आहे, मस्टरच्या क्रमाने. तोपर्यंत लाइनवर काही बदलणार नाही."

शेवटचं वाक्य पाळा. नवा सुपरवायझर आल्या आल्या रॅक हलवतो, मशीनची माणसं बदलतो, चहाची वेळ बदलतो. कारण न समजता केलेला बदल लोकांना आपल्या कामाचा अपमान वाटतो. अपवाद फक्त सुरक्षेचा. गार्ड (हात आत जाऊ न देणारं संरक्षक कवच) काढून प्रेस चालत असेल तर त्याच मिनिटाला थांबवा.

## पायरी ४: एकेकाशी भेट

दिवसाला दोन भेटी, बावीस माणसांच्या लाइनला दोन आठवडे लागतात. क्रम मस्टरचाच ठेवा आणि तो सगळ्यांना माहीत असू द्या, म्हणजे "आधी कोणाला बोलावलं" ही कुजबूज होत नाही. कंत्राटदाराचं मस्टर वेगळं असेल तर दोन्हीकडून रोज एकेक घ्या.

जागा निवडताना विचार करा. केबिनमध्ये बोलावलं की बाहेरच्यांना वाटतं याची कंप्लेंट झाली. मशीनजवळ आवाज असतो, अर्ध्या गोष्टी ऐकू येत नाहीत. गर्दी ओसरल्यावरचं कँटीन बरं. त्याच्या जेवणाच्या सुट्टीतली दहा मिनिटं मात्र घेऊ नका. वेळ कामातली द्या आणि त्याच्या मशीनवर बदली माणूस उभा करा.

प्रश्न मोजके ठेवा. कामात रोज कुठली गोष्ट अडवते? कुठलं मशीन, गेज (माप तपासायचं साधन) किंवा फिक्स्चर (नग पकडून ठेवणारी चौकट) त्रास देतं? मागे कोणी काही कबूल केलं होतं का? वर्षातले कुठले दिवस तुम्हाला सुट्टी लागतेच? आणि शेवटी, माझ्या जागी तुम्ही असता तर पहिल्यांदा काय केलं असतं?

"काही अडचण?" असं मोघम विचारलंत तर "काही नाही साहेब" हेच उत्तर येईल. "रात्रपाळीत पाचव्या स्टेशनला मटेरियल वेळेवर येतं का?" असं विचारलंत तर माणूस बोलायला लागतो. त्यासाठीच आधी रजिस्टर वाचायचं.

उत्तरं ऐकताना लगेच उपाय सुचवू नका, आधीच्या सुपरवायझरबद्दल एक शब्दही बोलू नका. वहीत त्याच्यासमोर लिहा आणि काय लिहिलं ते वाचून दाखवा.

सावधान: "तुम्ही जे सांगाल ते आपल्या दोघांतच राहील" असं सरसकट वचन देऊ नका. काही गोष्टी गप्प ठेवता येत नाहीत. कोणाला दुखापत झाली असेल, धोकादायक मशीन चालत असेल, तर ते वर सांगावंच लागतं. एखादी बाई छळाबद्दल बोलली तर तिचं शांतपणे ऐकून घ्या, लाइनवर कुणाशीही बोलू नका, स्वतः चौकशी करायला किंवा "समेट" घडवायला जाऊ नका. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी, कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार, अशा तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावी लागते. कंत्राटी कामगार बाईलाही तिथे जाता येतं, आणि लेखी तक्रारीला घटनेपासून तीन महिन्यांची मुदत असते. ही माहिती तिला त्याच दिवशी द्या, अर्ज लिहायला मदत लागली तर ती मिळवून द्या. म्हणून सुरुवातीलाच सांगा: "घरचं, खाजगी बोलणं माझ्यापाशीच राहील. कुणाच्या जिवाला किंवा अब्रूला धोका असेल तर मला पुढे न्यावं लागेल, पण तुम्हाला सांगून नेईन."

## पायरी ५: "बघतो" हा शब्द सोडा

भेटींमधून तीस-चाळीस गोष्टी वहीत आल्या असतील. त्यातल्या पाच-सहा लहान, तुमच्याच अधिकारातल्या, आठवड्याभरात होण्यासारख्या निवडा. बंद पडलेला पंखा, घासलेले हातमोजे, हलणारं फिक्स्चर, पाण्याच्या कूलरचा तुटलेला नळ. त्या आधी पूर्ण करा. मोठ्या गोष्टींचा शब्द अजून देऊ नका.

यापुढे कुणीही काहीही मागितलं तर उत्तरं तीनच.

"हो, गुरुवारपर्यंत."
"नाही, आणि कारण हे."
"मला माहीत नाही, उद्या दोन वाजता सांगतो."

तिसऱ्या उत्तराची वेळ आली आणि अजून काहीच कळलं नसेल, तरी दोन वाजता त्याच्याकडे जा आणि तेच सांगा. विश्वासाचा सगळ्यात मोठा भाग या फेरीत आहे. काम झालं नाही हे लोक समजून घेतात. आपल्याला विसरलं हे समजून घेत नाहीत.

माझ्या हातून हेच चुकलं होतं. नवीन लाइन लीडर असताना नांदेडकडच्या एका कंत्राटी मुलाला मी दिवाळीला चार दिवस सोडतो म्हणालो. मॅनेजरांना विचारलं नव्हतं. नंतर त्यांनी नकार दिला. तो त्याला सांगायचा धीर मला झाला नाही. उद्या सांगू, परवा सांगू करत मी आठवडा घालवला आणि शेवटच्या संध्याकाळी सांगितलं. त्याचं तिकीट काढून झालं होतं, बहिणीसाठी साडी घेऊन झाली होती. तो न विचारता गेला, आणि परत आल्यावर कंत्राटदाराने त्याला कामावर घेतलं नाही. मी पहिल्याच दिवशी "नाही" म्हटलं असतं तर तो रागावला असता, पण त्याची नोकरी राहिली असती. त्यानंतर मी विचारल्याशिवाय एकही सुट्टी कबूल केली नाही.

तपासा: दर शनिवारी शिफ्ट सुटण्याआधी वही उघडा. या आठवड्यात दिलेल्या शब्दांपुढे बरोबर किंवा फुली करा. जिथे फुली आहे त्या माणसाकडे तो घरी जायच्या आत जा.

## पायरी ६: ओटी, सुट्टी आणि मशीन यांचं वाटप फळ्यावर आणा

साधारण दुसऱ्या महिन्याला हे करा, आधी नको. लोकांनी तुम्हाला छोटे शब्द पाळताना पाहिलेलं असलं पाहिजे, नाहीतर नव्या पद्धतीत त्यांना डावच दिसेल.

ओटीसाठी फळ्यावर नावं आणि महिन्याचे मिळालेले तास लिहा. कमी तासवाल्याला आधी विचारायचं. तो नको म्हणाला तर तसं लिहायचं आणि पुढच्याला विचारायचं. त्या मशीनचं कौशल्य एकाकडेच असेल तर त्यालाच थांबवावं लागेल, तेही कारणासकट लिहा. आणि दुसऱ्या माणसाला ते मशीन शिकवायला लागा, कारण "त्याच्याशिवाय चालत नाही" हे कारण तीन महिन्यांनंतर कोणी ऐकून घेणार नाही. जो ओटीला नाही म्हणतो त्याला नंतर सुट्टीत अडवू नका. असं एकदा जरी झालं तरी फळ्याचा उपयोग संपतो.

सुट्टीचं गणित जास्त अवघड, कारण सगळ्यांना एकाच वेळी हवी असते. गणपतीत कोकणातली मुलं थांबत नाहीत. जून-जुलैमध्ये पेरणी आणि आषाढीची वारी, ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची काढणी, मग दिवाळी. त्यानंतर लगेच बिहारच्या मुलांची छठ. ईद. हे दरवर्षी येतं, तरी दरवर्षी सुपरवायझर ऐनवेळी चकित होतो. भेटींमध्ये प्रत्येकाने सांगितलेले "लागतातच" असे दिवस वर्षाच्या तक्त्यावर मांडा. एका वेळी लाइनवरून किती माणसं कमी पडली तरी चालेल तो आकडा मॅनेजरकडून मंजूर करून घ्या. त्याहून जास्त नावं आली की त्या माणसांनाच एकत्र बसवा: यंदा गणपती तुझा, दिवाळी याची. गेल्या वर्षी कोण थांबलं होतं हे जुन्या अर्जांत सापडतं, ते समोर ठेवा. आपसांत ठरलेलं लोक पाळतात.

जड मशीन, गरम भट्टीजवळची जागा, रात्रपाळी यांनाही हीच पद्धत. फिरती ठेवा आणि फळ्यावर दाखवा. एखाद्याला आजारपणामुळे सूट दिली असेल तर कारण फळ्यावर नको. "सूट, मंजूर" एवढं पुरे. कुणी विचारलं तर "कारण आहे, मला माहीत आहे" म्हणा. पायरी ५ नीट झाली असेल तर लोक एवढ्यावर थांबतात.

## पायरी ७: वाईट बातमी आणणाऱ्याला कसं भेटायचं

सगळा खटाटोप या पायरीसाठी होता. ऑपरेटरला खराब माल निघालेला सगळ्यात आधी कळतो, आणि तो लपवला तर सगळ्यात शेवटी तुम्हाला कळतो, ग्राहकाच्या तक्रारीतून.

समजा एक जण बोअरबद्दल, म्हणजे नगातल्या भोकाबद्दल, येऊन म्हणाला, "साहेब, बोअर मोठा येतोय, बहुतेक सकाळपासून." तुमचे पहिले दहा सेकंद पुढचं वर्ष ठरवतात. "सकाळपासून काय करत होतास?" हा प्रश्न जिभेवर आलेला असतो. गिळा. क्रम असा ठेवा.

पहिल्यांदा, "बरं झालं सांगितलंस." मग मशीन थांबवा. मग माल वेगळा करा: शेवटचा नक्की चांगला नग कुठला, तिथपासूनचा सगळा लॉट लाल ट्रेमध्ये, पुढच्या स्टेशनला गेला असेल तर तिथूनही मागे. मग क्वालिटीला बोलवा. मग कारण शोधा: टूल घासलं, ऑफसेट (मशीनमधलं टूलच्या मापाचं सेटिंग) बदलला, की कच्चा मालच वेगळा आला. "कोणी" हा प्रश्न त्या शिफ्टमध्ये विचारूच नका. दुसऱ्या दिवशी, डोकं थंड झाल्यावर, "काय झालं असतं तर हे पहिल्याच नगाला कळलं असतं?" असं विचारा. बहुतेक वेळा उत्तर निघतं की शिफ्टचा पहिला नग तपासलाच गेला नव्हता, कारण टार्गेटची घाई होती, आणि ती घाई तुम्हीच केली होती.

टोयोटाच्या अनेक कारखान्यांत लाइनच्या बाजूने दोरी असते. कामगाराला काही खटकलं की तो ती ओढतो, दिवा लागतो आणि टीम लीडर त्याच्यापाशी येतो. ठराविक अंतरापर्यंत प्रश्न सुटला तर लाइन चालू राहते, नाहीतर थांबते. आपल्याकडे अनेक ठिकाणी तसे दिवे बसवले, पण दिवा लावणाऱ्यावर ओरडणारा सुपरवायझर तसाच राहिला. मग महिनोन्‌महिने दिवा लागत नाही, आणि ऑडिटला तेच कौतुकाने दाखवलं जातं.

इथे आकड्यांनी फसू नका. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या नर्सिंग टीमचा औषधांच्या चुकांच्या बाबतीत अभ्यास केला, तो १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे नेतृत्व आणि आपसांतले संबंध चांगले, त्या टीमच्या चुका जास्त नोंदलेल्या निघाल्या. याचा त्यांनी लावलेला अर्थ असा, की तिथे लोक चुका मोकळेपणाने सांगत होते. तुमच्या लाइनवरही पायरी ७ नीट झाली तर त्यानंतरच्या पहिल्या महिन्यात नोंदलेलं रिजेक्शन आणि थोडक्यात टळलेले अपघात वाढलेले दिसतील. मॅनेजरना हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे आढाव्याच्या मीटिंगमध्ये तुमच्यावर आणि मग तुमच्याकडून लाइनवर आरडाओरडा होणार नाही.

सावधान: चूक सांगणं आणि नियम मोडणं यात फरक ठेवा. सेन्सरला टेप लावून गार्ड उघडा ठेवून प्रेस चालवली, तर ती चूक म्हणून सोडून द्यायची नाही. तिथे कारवाई व्हायलाच हवी, दोस्त असो की मामा. हा फरक कुठे आहे हे लाइनला आधीच माहीत हवं.

## पायरी ८: न पटलेला निर्णय खाली कसा सांगायचा

वरून निर्णय येतो: रविवार चालू ठेवायचा, किंवा टार्गेट वाढवायचं. इथे दोन्ही बाजूंनी चुका होतात. एक जण येऊन म्हणतो, "मला पण पटलेलं नाही, पण वरून आलंय." तो लाइनच्या बाजूचा दिसतो खरा, पण उद्यापासून त्याच्या कुठल्याही सूचनेला वजन राहत नाही. दुसरा न पटलेलं पटल्यासारखं सांगतो, आणि लोकांना त्याचा चेहरा वाचता येतो.

आधी केबिनमध्ये बोला, आकडे घेऊन. "सायकल टाइम (एका नगाला लागणारा वेळ) इतका, टूल बदलायला इतका वेळ, दोन माणसं नवीन. या हिशोबाने इतकेच नग निघतात. वाढवायचे असतील तर एक फिक्स्चर किंवा एक माणूस द्या." काही वेळा निर्णय बदलतो. नाही बदलला तर लाइनवर सांगा: "निर्णय असा झालाय. कारण हे आहे. मी हे मुद्दे मांडले होते, त्यातला हा मान्य झाला, हा नाही. आता आपण हे असं करणार आहोत, आणि पंधरा दिवसांनी आकडे घेऊन मी पुन्हा जाणार आहे." पंधरा दिवसांनी खरंच जा.

कारण सांगायला मनाई असेल तर "कारण सांगायची मला परवानगी नाही" असंच सांगा. बनवलेलं कारण दोन दिवसांत उघडं पडतं. कँटीनमध्ये एचआरच्या आधी बातमी येते.

श्रेयाचंही इथेच सांगतो. लाइनवरच्या कुणाच्या कल्पनेने रिवर्क (खराब नग पुन्हा दुरुस्त करणं) कमी झालं असेल तर मीटिंगमध्ये त्याचं नाव घ्या, आणि जमलं तर त्यालाच बोलायला उभं करा. "आमच्या टीमने केलं" यात त्याचं नाव हरवतं.

## पायरी ९: तुमचंच चुकलं तर

चुकणार. रागात कुणाला सगळ्यांसमोर बोलाल, ओटीची पाळी चुकेल. जिथे चूक केली तिथेच दुरुस्त करा. सगळ्यांसमोर ओरडला असाल तर बाजूला घेऊन माफी मागणं पुरत नाही. दुसऱ्या दिवशी शिफ्टच्या सुरुवातीला सगळ्यांसमोर म्हणा, "काल मी मामांना जे बोललो ते चुकलं. गेज खराब होतं, त्यांची चूक नव्हती." पुढे "पण" जोडू नका. ओटीची पाळी चुकली असेल तर पुढचे तास त्याला द्या आणि फळ्यावर तसं लिहा.

## नव्वदाव्या दिवशी काय बघायचं

लोकांना "माझ्यावर विश्वास आहे का?" असं विचारून काही कळत नाही. या गोष्टी बघा. खराब मालाची बातमी तुम्हाला ऑपरेटरकडून मिळते की क्वालिटीकडून? सुट्टी मागणारा दोन आठवडे आधी येतो की सकाळी फोन करतो? कंत्राटी मुलं तुम्हाला प्रश्न विचारतात का? तुम्ही आल्यावर बोलणं थांबतं का? मागच्या महिन्यात कुणी तुम्हाला "साहेब, हे असं नको" म्हणालं का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नाही असेल तर पायरी ७ वर परत जा, आणि मागच्या वेळी कुणी वाईट बातमी आणली तेव्हा तुमचा चेहरा कसा होता ते आठवा. दोन-तीन गोष्टी अडलेल्या दिसल्या तर अडचण बहुधा पायरी ५ मध्ये असते. वही उघडा आणि फुल्या मोजा.

कधीतरी तुमचीही बदली होईल. जायच्या आधी त्या वहीतले अपुरे शब्द एका कागदावर उतरवा: कोणाला, काय, कधीपर्यंत. तो कागद नव्या सुपरवायझरच्या हातात द्या, आणि ज्यांची नावं त्यावर आहेत त्या प्रत्येकाला सांगून जा की तुझं काम यांच्याकडे दिलंय.